शटर ओढल्यावरची दहा मिनिटं: क्लास चालवणाऱ्यांसाठी टेन्शन आटोक्यात ठेवायच्या रोजच्या सवयी

जळगावात माझा आठवी ते दहावीचा गणित-सायन्सचा क्लास आहे, अकरा वर्षं झाली. सकाळी साडेसहाची एक बॅच, संध्याकाळी चार ते साडेआठ तीन बॅचेस, आणि मधल्या वेळात ॲडमिशनच्या चौकश्या, झेरॉक्स, पार्टटाइम सरांचा पगार, गाळ्याचं भाडं, इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी टाकायचं राहिलंय ते, सगळं मीच बघते. जे कोणी असं शिकवतात पण आणि धंदा पण सांभाळतात, मग तो क्लास असो, ॲबॅकस असो नाहीतर शिवणक्लास, त्यांच्यासाठी हे लिहितेय. कारण टेन्शनवर जे उपाय आपल्याला सांगतात ना ते बहुतेक सगळे नोकरीवाल्यांसाठी असतात. सुट्टी घ्या म्हणतात. आपण सुट्टी घेतली तर बॅच कोण घेणार?

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत, दहावीची प्रिलिम चालू असताना, माझ्याकडून एक गोष्ट झाली ती मी विसरत नाही. बॅच सुरू व्हायच्या आधी अर्ध्या मिनिटात मोबाईल बघितला तर गाळामालकाचा मेसेज, एप्रिलपासून भाडं वाढणार. फोन उलटा करून टेबलावर ठेवला आणि शिकवायला लागले. पाचव्या मिनिटाला एका पोराकडे वही नव्हती, तर मी त्याच्यावर अशी ओरडले की समोरचा पूर्ण वर्ग गप्प झाला, पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. पोरगं खाली बघत हळूच म्हणालं, "मॅडम, वही तुमच्याकडेच आहे, तपासायला दिली होती." होती की. माझ्याच टेबलावर, गठ्ठ्यात वरून तिसरी. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर मी त्याची माफी मागितली, पण त्या रात्री झोप आली नाही ते नाहीच आली. राग होता भाडेवाढीचा आणि निघाला पोरावर.

तेव्हा एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. आपल्याला काम जास्त आहे म्हणून आपण थकतो हे अर्धंच खरं आहे. शिकवणं आणि हिशोब हे दोन्ही एकाच वेळी डोक्यात चालू असतात म्हणून आपण थकतो. फळ्यावर पायथागोरस आणि मनात कोणाची फी राहिलीय ते. म्हणून खाली ज्या सवयी सांगतेय त्या सगळ्यांचं काम एकच, या दोन खोल्यांच्या मधे दार बसवायचं.

आधी एक आठवडा नुसतं लिहून काढा

लगेच काही बदलू नका. हजेरीच्या रजिस्टरच्या मागच्या पानावर सात दिवस फक्त इतकं लिहा की किती वाजता डोकं तापलं, त्याच्या आधी काय झालं होतं, आणि शरीरात कुठे कळलं. शरीराचं लिहायचंच, कारण मनाला कळायच्या आधी शरीराला कळतं, कोणाचा जबडा आवळतो, कोणाचे खांदे कानापर्यंत चढतात, माझा घसा सुकतो आणि आवाज चढतो. एका आठवड्यात चित्र दिसायला लागतं. मला वाटायचं मी दिवसभर टेन्शनमधे असते, पण वहीत बघितलं तर चारच जागा निघाल्या: चारच्या बॅचच्या आधीची पंधरा मिनिटं, रात्री साडेआठनंतरचे पालकांचे मेसेज, महिन्याची एक ते पाच तारीख, आणि रविवारची संध्याकाळ. चार जागा म्हटलं की काम हातात आल्यासारखं वाटतं.

सवय घड्याळाला बांधू नका, हाताला बांधा

"रोज सहा वाजता ध्यान" असं ठरवलं की पहिल्या आठवड्यात लाईट जाते नाहीतर पाहुणे येतात, आणि सगळं ओम्फस. त्यापेक्षा जे काम तुम्ही रोज न चुकता करताच त्याला नवीन सवय चिकटवायची. आपल्याकडे अशी कामं भरपूर आहेत, शटर उघडणं, फळा पुसणं, हजेरी घेणं, गाडीला किल्ली लावणं, शटर ओढणं.

आणि धीर धरा. एकवीस दिवसांत सवय लागते असं सगळे सांगतात, पण लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधे फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ लोकांवर अभ्यास केला होता, तो २०१० मधे छापून आला, त्यात सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, कोणाला १८ तर कोणाला २५४ पर्यंत जातील असा हिशोब निघाला. त्यातली मला सगळ्यात धीर देणारी गोष्ट ही की मधे एखादा दिवस चुकला तर फार फरक पडला नाही. म्हणजे चुकलं तर दुसऱ्या दिवशी परत करायचं, इतकंच.

फळा पुसताना श्वास

ही माझी सगळ्यात आवडती सवय आहे आणि हिला एक मिनिट पण जास्तीचं लागत नाही. एक बॅच उठली, दुसरी अजून जिन्यात आहे, तेव्हा डस्टर घ्यायचं आणि फळा स्वतः पुसायचा, पोरांना सांगायचा नाही. डावीकडून सुरुवात. नाकाने श्वास आत घेत हात वर न्यायचा, मनात चार आकडे, आणि मग डस्टर वरून खाली हळूहळू ओढत श्वास सोडायचा, सहा ते आठ आकडे. माझा फळा आठ पट्ट्यांत पुसून होतो, म्हणजे आठ लांब श्वास.

याच्यात जादू काही नाही, शरीराचं साधं गणित आहे. आपण श्वास आत घेतो तेव्हा हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडतो तेव्हा किंचित कमी होतात, तर सोडायला जास्त वेळ दिला की शरीराला शांत करणारी जी नर्व्ह आहे, व्हेगस, तिचं काम वाढतं. मनाला "शांत हो" सांगून मन ऐकत नाही, श्वास ऐकतो. खडूचा फळा असेल तर ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर लांब श्वासाबरोबर धूळ आत जाईल.

पहिले पंधरा दिवस मला काहीच वाटलं नाही. मग एकदा घाईत एका पोरीने फळा पुसून टाकला आणि मला चुकल्याचुकल्यासारखं झालं, तेव्हा कळलं की सवय लागली.

पोट आणि घसा

हे थोडक्यात सांगते पण हलकं समजू नका. आधी मी दुपारी खारी आणि चहावर दिवस काढायची आणि चार वाजताच्या बॅचला माझी चिडचिड ठरलेली असायची. आता तीनच्या आत जेवण, डब्यात कळण्याची भाकरी, भाजी, कांदा, जे असेल ते, पण बसून आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. चहा दुपारी चारनंतर बंद, कारण प्यायल्यावर पाच तासांनी सुद्धा साधारण निम्मं कॅफिन शरीरात शिल्लक असतं आणि मग रात्री अकराला आपण छताकडे बघत बसतो. आपल्याकडे एप्रिल-मे मधे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा कूलरच्या आवाजावर ओरडून शिकवलं की घसा तर जातोच पण डोकं पण चढतं. कंबरेला लावायचा छोटा माईक घेऊन टाका. मी तो घेतला त्या महिन्यापासून माझं ओरडणं निम्म्यावर आलं, आणि आवाज खाली असला की रागाला चढायला जागाच मिळत नाही. फळ्याच्या बाजूला पाण्याची बाटली आणि उन्हाळ्यात ताक.

पालकांचे फोन

पालक वाईट नसतात. त्यांना पोराची काळजी असते आणि शेतातून, दुकानातून घरी आल्यावर त्यांना रात्रीच वेळ मिळतो, म्हणून रात्री दहाला "मॅडम आमचा कसा करतोय" असा मेसेज येतो. त्यांना उत्तर द्यायचं आहेच, फक्त वेळ आपण ठरवायची.

मी काय केलं ते सांगते. क्लासचा नंबर वेगळा घेतला आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस टाकलं, त्यात ठरावीक वेळेत आपोआप मेसेज जायची सोय आहे. माझा मेसेज असा आहे: "नमस्कार, तुमचा मेसेज मिळाला. मी रोज दुपारी १२ ते १ या वेळेत सगळ्यांना उत्तर देते. मुलाच्या तब्येतीचं किंवा तातडीचं काही असेल तर फोन करा." शेवटची ओळ महत्त्वाची आहे, ती असली की पालकांना आधार वाटतो, आणि खरं सांगते, दोन वर्षांत तातडीचे फोन बोटावर मोजण्याइतके आले. बॅचच्या ग्रुपवर फक्त ॲडमिनला मेसेज टाकता येईल असं सेटिंग करा, गुड मॉर्निंगची फुलं बंद होतात. आणि सगळ्यात मोठं, शिकवताना फोन टेबलावर उलटा पण नको. ड्रॉवरमधे. उलटा ठेवलेला फोन सुद्धा खेचतो, त्या फेब्रुवारीतल्या संध्याकाळी माझा उलटाच होता.

पहिल्या महिन्यात दोन पालक नाराज झाले, एकीने तोंडावर सांगितलं, "मॅडम तुम्ही बदलल्या." मी त्यांना बसवून सांगितलं की ताई, दुपारी मी तुमच्या मुलाची वही समोर घेऊन बोलेन, रात्री दहाला अर्ध्या झोपेत नुसतं "चांगला आहे" म्हणेन, तुम्हाला कोणतं पाहिजे? त्यांना पटलं.

पैशाचं टेन्शन श्वासाने जात नाही

इथे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे कारण याच्यावर कोणी बोलत नाही. फीचं टेन्शन हे मनाचं दुखणं नाही, ते व्यवस्थेचं दुखणं आहे, त्याला सवय पण व्यवस्थेचीच लागते.

एक, क्लासचं बँक खातं वेगळं आणि घराचं वेगळं, आणि क्लासच्या खात्यातून दर महिन्याला ठरलेली रक्कम पगार म्हणून आपल्या घरच्या खात्यात. नाहीतर जूनमधे ॲडमिशनचे पैसे आले की श्रीमंत वाटतं आणि एप्रिलमधे भाड्याला हात पसरायची वेळ येते. भरलेल्या महिन्यांतून थोडं थोडं बाजूला टाकून तीन महिन्यांचं भाडं शिल्लक ठेवा, मला ते जमवायला दीड वर्ष लागलं. पण ते जमल्यापासून गाळामालकाचा मेसेज हा फक्त मेसेज राहिला.

दोन, हिशोबाची वेळ बांधून टाका. माझा बुधवार, सकाळी अकरा ते पावणेबारा. बाकी सहा दिवस पैशाचा विचार मनात आला की रजिस्टरच्या मागच्या पानावर एक ओळ लिहायची, "बुधवारी बघू," आणि परत कामाला. विचार दाबायचा नाही, त्याला तारीख द्यायची. तारीख मिळाली की तो गप बसतो.

तीन, फीचे हप्ते आपल्या मुलखाच्या पैशाप्रमाणे लावा. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या घरांत कापूस आहे. पेरणीच्या वेळी, जून-जुलैत, त्यांच्या हातात असलेला पैसा बियाण्यात आणि खतात जातो, कापूस वेचून विकला जातो तेव्हा दिवाळी उलटून गेलेली असते. आणि मी दर महिन्याच्या पाच तारखेला फी मागायचे आणि दर महिन्याला चाळीस घरांशी कुरबूर करायचे, त्यांना अपमान वाटायचा आणि मला पण रात्रभर खात राहायचं. आता कापूसवाल्यांसाठी वेगळा तक्ता आहे, जूनमधे थोडी, मोठा हप्ता डिसेंबरमधे, उरलेली जानेवारीत. रावेर-यावलकडे केळीवाल्यांची तऱ्हा वेगळी, नोकरदारांची वेगळी. ॲडमिशनच्या वेळीच विचारून फॉर्मवर लिहून घ्या. ह्या एका बदलाने माझं जेवढं टेन्शन गेलं तेवढं कुठल्याच प्राणायामाने गेलं नसतं.

आणि चार, जो शिकवतो त्याने फी मागायची नाही. ते काम दुसऱ्या कोणाला द्या, माझ्याकडे संध्याकाळी दोन तास एक ताई बसतात, त्या करतात. कोणाला ठेवणं परवडत नसेल तर निदान बोलून नको, ठरलेल्या तारखेला ठरलेला मेसेज पालकाला. पोराला फीबद्दल एक शब्द नाही. ज्या पोराला काल फी विचारली तो आज शंका विचारत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

शटर ओढायच्या आधीची आणि नंतरची दहा मिनिटं

पोरं गेली की पाच मिनिटं आत बसते. लाईट एकच चालू. रजिस्टरचं मागचं पान उघडायचं आणि उद्याचं लिहायचं, पण नुसतं "नववीचा पेपर" असं नाही तर "नववीचा पेपर, प्रश्न दोन बदलायचा, बारा वाजता झेरॉक्सला द्यायचा" इतकं बारीक. अमेरिकेत बेलर युनिव्हर्सिटीच्या लोकांनी २०१८ मधे असा प्रयोग छापला होता, ५७ तरुण मंडळी, झोपायच्या आधी पाच मिनिटं निम्म्यांनी पुढे करायची कामं लिहिली आणि निम्म्यांनी झालेली कामं, तर पुढची कामं लिहिणाऱ्यांना साधारण नऊ मिनिटं लवकर झोप लागली, आणि जितकं बारीक लिहिलं तितकी लवकर. मी झोपताना न लिहिता क्लासमधेच लिहिते, कारण मला तो कागद घरी न्यायचाच नाही.

मग शटर ओढायचं, कुलूप लावायचं, आणि किल्ली पर्समधे टाकताना स्वतःशी मोठ्याने म्हणायचं, "आजचं झालं." पहिल्यांदा शेजारच्या मोबाईल दुकानवाल्या दादाने विचारलं, "काय म्हटल्या मॅडम?" आता तो पण दुकान बंद करताना म्हणतो. गाडी लगेच चालू करायची नाही, पाच मिनिटं गल्लीच्या टोकापर्यंत पायी जाऊन यायचं आणि मग घरी.

घरी पेपर तपासायचेच नाहीत असं मी म्हणणार नाही, फेब्रुवारीत ते शक्य नाही. पण साडेनऊनंतर नाही, आणि बेडवर नाही. मोठ्या माणसाला सात तास तरी झोप लागतेच. सकाळची बॅच साडेसहाला असेल तर साडेदहाला अंथरुणावर, हा हिशोब मागे मोजत या. मेच्या रात्री खोली तापलेली असते तेव्हा आम्ही सरळ गच्चीवर गाद्या टाकतो, लहानपणी पारोळ्याला टाकायचो तशा.

चालणं, आणि वर्षाच्या सुट्ट्या

आठवड्याला दीडशे मिनिटं जरा दम लागेल असं चालणं पुरतं, हे जागतिक आरोग्य संघटनेचं माप आहे, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. मी सकाळची बॅच सुटल्यावर हिवाळ्यात मेहरूण तलावावर जाते, उन्हाळ्यात बॅचच्या आधीच, कारण आठ वाजता तिथे पण ऊन टोचतं. कानात काही लावू नका. दिवसभर आपण बोलतो आणि ऐकतो, तेवढा अर्धा तास कान रिकामे राहू द्या.

रविवारची टेस्ट मी शनिवारी आणली, पोरं पण खूष. आणि जूनमधे वेळापत्रक छापतानाच अख्खा रविवार बंद, श्रावणात कानबाई, आमच्या खानदेशातली देवी, बसते त्या रविवारला जोडून सोमवारी विसर्जनाला पण बंद, आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोन दिवस बंद असं त्यावरच छापते. आधी छापलं की कोणी विचारत नाही, आयत्या वेळी सांगितलं की दहा फोन. मागच्या आखाजीला किती वर्षांनी माहेरी गेले, निंबाला झोका बांधलेला होता, आई शेजारी बसून म्हणाली, "जरा दम खाय ना माय." तीन तास मी क्लासचं नाव काढलं नाही.

सगळं मोडून पडतं तेव्हा

मोडतंच. फेब्रुवारी-मार्चमधे बोर्डाची परीक्षा आणि लगेच ॲडमिशन सीझन, तेव्हा चालणं जातं, डबा जातो. त्या दोन महिन्यांसाठी मी आधीच ठरवून ठेवलंय की फक्त दोन गोष्टी सोडायच्या नाहीत, फळ्याचे श्वास आणि शटरची दहा मिनिटं. बाकीचं एप्रिलमधे परत. तुम्ही पण तुमच्या दोन निवडा, पण शांत असताना निवडा, घाईत निवडता येत नाही.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. दोन आठवडे झोप लागत नाही, सकाळी शटर उघडायला जायचंच नको वाटतं, छातीत धडधड होते, विनाकारण रडू येतं, किंवा जगण्यात अर्थ नाही असं मनात येतं, तर या सवयींवर थांबू नका. डॉक्टरला दाखवा, बीपी-शुगर-थायरॉईड तपासा, गरज असेल तर मानसोपचारवाल्यांकडे जा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. सरकारची टेलिमानस म्हणून हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, फुकट आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलतात. जगणं नको वाटत असेल तर दोन आठवड्यांची वाट बघू नका, त्याच क्षणी लावा. मी हा नंबर क्लासच्या नोटीस बोर्डवर लावलाय, दहावीच्या पोरांसाठी म्हणून, पण एका पालकानेच तो उतरवून घेतला आणि दुसऱ्या दिवशी माझ्याशी बराच वेळ बोलत बसले.

निकालाचा दिवस मात्र मला अजून जड जातो. त्या दिवसासाठी आता असं ठरवलंय की दुपारी निकाल लागायच्या आधी जेवून घ्यायचं, क्लासचा फोन ताईंकडे, आणि पहिला फोन मी स्वतः करायचा तो सगळ्यात कमी मार्क पडलेल्या पोराच्या घरी.